व्हिडिओ व्हायरल झाला, आता नोकरीचं काय?

तलाठी कार्यालयात तीन चकरा झाल्या तरी फेरफार निघत नाही. चौथ्या वेळी माणूस मोबाइल काढतो, टेबलासमोर उभा राहून 'लाइव्ह' जातो, तलाठ्याचं नाव घेऊन सुनावतो, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर पोचलेला असतो. आता हा माणूस कोण आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तो जिल्हा परिषदेचा शिक्षक असेल, वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामगार असेल, लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये शिकवत असेल किंवा परभणीत राहून पोलीस भरतीची तयारी करत असेल. राग चौघांचाही खरा असू शकतो, तलाठ्याची दिरंगाईही खरी असू शकते. तरी त्या व्हिडिओचा चौघांच्या रोजीरोटीवर होणारा परिणाम सारखा नसतो. हे बहुतेकांना कळतं ते हातात नोटीस पडल्यावर.

सगळ्यात मोठा गैरसमज एकच आहे: 'मी खरं बोललो, मग मला काय होणार?' खरं-खोटं हा न्यायालयाचा प्रश्न आहे, आणि तिथेही तो एकटा पुरत नाही. नोकरी देणारा वेगळंच विचारतो. तू हे कोणत्या अधिकारात केलंस, आमचं नाव त्यात कसं आलं, आणि उद्या ग्राहक, पालक किंवा सहकारी तुझ्यासोबत काम करतील का? या प्रश्नांची उत्तरं वाईट असतील तर बोलणं शंभर टक्के खरं असूनही नोकरी जाऊ शकते.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण मार्च २०१३ चं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे पायकॉन नावाची संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. मागे बसलेले दोन पुरुष आपसात द्वयर्थी विनोद करत होते. पुढे बसलेल्या एका महिलेनं त्यांचा फोटो काढून ट्विटरवर टाकला आणि आयोजकांनी लक्ष घालावं असं लिहिलं. आयोजकांनी दोघांना बाजूला नेऊन समज दिली. पण फोटो तोवर सुटला होता. दोघांपैकी एकाला त्याच्या कंपनीनं काढलं. मग लोक त्या महिलेवर उलटले. तिला धमक्या आल्या, ती काम करत होती त्या सेंडग्रिड कंपनीच्या यंत्रणेवर हल्ले झाले आणि कंपनीनं तिलाही काढलं. कंपनीची भूमिका थोडक्यात अशी होती: प्रोग्रामर लोकांना आमच्याशी जोडणं हे तुझं काम, आता त्याच लोकांत फूट पडली आहे, त्यामुळे ते काम तुझ्याच्याने होणार नाही. तिची तक्रार बरोबर होती की चूक, या प्रश्नात कंपनी शिरलीच नाही.

मराठवाड्यात यात आणखी एक अडचण असते. पुण्या-मुंबईत 'आमच्या सोसायटीतला एक माणूस' म्हटलं तर कोण ते कळत नाही. वसमत, गेवराई किंवा औशात 'आपल्या शाळेतल्या एक मॅडम, ज्यांचे मिस्टर बँकेत आहेत' इतकं लिहिलं की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. कायद्यालाही नाव लागत नाही. वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला तर बदनामीचा दावा चालतो. 'मी कुठं नाव घेतलं?' हा बचाव म्हणून आपल्याकडे फारसा टिकत नाही.

सरकारी नोकरी: पोस्ट वैयक्तिक, कारवाई खात्याची

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यातला नियम ३ अगदी साधा आणि म्हणूनच फार व्यापक आहे: सचोटी राखावी, कर्तव्यपरायण राहावं आणि शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय असं काही करू नये. सहकाऱ्याची, साहेबाची किंवा कामासाठी आलेल्या नागरिकाची समाजमाध्यमावर टिंगल करणं या 'अशोभनीय'मध्ये बसवायला खात्याला जास्त कष्ट पडत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि आरोग्यसेवकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम आहेत. त्यांचाही रोख तोच.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं समाजमाध्यमांबद्दल खास शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, गणवेश, गाडी किंवा इमारत दाखवणारे फोटो आणि रील टाकू नका, गोपनीय कागद बाहेर देऊ नका, शासनाच्या धोरणावर टीका करू नका, असा त्याचा आशय आहे. तो प्रतिनियुक्तीवरच्या, कंत्राटी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनाही लागू केला आहे. त्यामुळे 'मी तर कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर' असं म्हणून सुटका नाही. प्रोफाइलवर 'मते वैयक्तिक आहेत' लिहिल्यानंही काही फरक पडत नाही.

कारवाई पायरी-पायरीनं येते. आधी कारणे दाखवा नोटीस. तिच्यात खुलाशासाठी मुदत लिहिलेली असते, बहुधा थोड्याच दिवसांची. खुलासा पटला नाही किंवा प्रकरण पेपरात आलं तर निलंबन. त्यानंतर दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, अहवाल आणि शेवटी शिक्षा. शिक्षा ठपक्यापासून सुरू होतात. पुढे वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी. शेवटच्या दोन्हींत नोकरी जाते, पण काढून टाकल्यावर पुन्हा सरकारी नोकरीचा मार्ग बंद होत नाही, बडतर्फ झाल्यावर सहसा तो बंदच होतो. निलंबनाच्या काळात पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारण निम्म्या पगाराइतका मिळतो. घरकर्जाचा हप्ता मात्र पूर्ण जातो.

एक तरतूद बहुतेकांच्या ध्यानात नसते. पोस्टवरून गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि कोठडी ४८ तासांहून जास्त लांबली, तर कर्मचारी निलंबित झाला असं आपोआप मानलं जातं. त्यासाठी साहेबांना वेगळा विचार करावा लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळची अटक आणि सोमवारचा जामीन एवढंही त्यासाठी पुरेसं आहे.

शाळांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मराठवाड्यात असे कितीतरी व्हिडिओ शाळेच्या वर्गात तयार होतात. कुणी पदाधिकारी वर्गात येतो, मुलाला सतराचा पाढा विचारतो, मूल अडखळतं, मोबाइल चालू असतो, आणि 'बघा यांची गुणवत्ता' म्हणून क्लिप फिरते. कधी शिक्षकच मुलाच्या चुकीच्या उत्तरावर हसत रील करतात. इथं दोन माणसांची बदनामी होते, शिक्षकाची आणि मुलाची, आणि दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. चेहरा झाकलेला नसेल, शाळेचं नाव फळ्यावर दिसत असेल, तर 'गंमत म्हणून टाकलं' हा खुलासा उलट अंगावर येतो, कारण त्यातून व्हिडिओ आपणच टाकल्याची कबुली लेखी दिली जाते. मूल एखाद्या गुन्ह्यात पीडित असेल तर त्याची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबद्दलच्या कायद्याच्या कलम २३ मध्ये त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. मुलीच्या बाजूनं लिहिलेली, तिला न्याय मागणारी पोस्टसुद्धा तिचं नाव, फोटो, शाळा किंवा वडिलांचं नाव सांगत असेल तर या कलमात सापडते.

खासगी संस्था: जितका करार कच्चा, तितकी नोकरी पातळ

मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या कायम शिक्षकाला खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींबद्दलच्या १९७७ च्या कायद्याचं आणि १९८१ च्या नियमावलीचं संरक्षण आहे. चौकशी समितीत तिघं असतात: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्यानं सुचवलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. ही समिती न बसवता संस्थेनं घरी बसवलं तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका. अध्यक्षांनी 'बघू, मिटवून टाकू' म्हणत महिना घालवला की उशीर माफ करून घेण्याची वेगळी लढाई सुरू होते.

कारखान्यातल्या कायम कामगाराला स्थायी आदेश (कारखान्याचे प्रमाणित सेवानियम) लागू असतील तर आरोपपत्र आणि अंतर्गत चौकशीशिवाय काढता येत नाही. पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या शेकडो मुलांचा पगार ठेकेदाराच्या नावानं होतो. सुपरवायझरचा फोटो काढून 'हा माणूस पैसे घेऊन ड्युटी लावतो' असं स्टेटस ठेवलं की कंपनी त्या मुलाशी काहीच बोलत नाही. ती ठेकेदाराला एक फोन करते आणि सोमवारी गेटपास चालत नाही. लेखी काही नसतं, त्यामुळे दाद मागताना आधी 'मी इथं कामाला होतो' हेच सिद्ध करावं लागतं. हजेरीचे मेसेज, पीएफची नोंद, बँकेत जमा झालेला पगार, गेटपासचा फोटो हे आधीच जपून ठेवलेलं असेल तर लेबर ऑफिसात बोलायला आधार राहतो. परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) असलेल्यांना साधं 'सेवा समाधानकारक नाही' एवढ्या ओळीत निरोप मिळू शकतो. कोचिंग क्लासमधल्या शिक्षकाला तर बहुतेक वेळा नेमणूकपत्रही नसतं.

आता ऊसतोडीचं. बीड, धाराशिव, जालन्यातून कारखान्यांना टोळ्या जातात आणि उचल (कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) घेऊन मजूर आला नाही की मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, त्याचा फोटो, आधार कार्ड आणि गावाचं नाव टाकून 'हा फसवा आहे, याला कुणी काम देऊ नका' असा मेसेज फिरवतो. मुकादमाला वाटतं की तो पैसे बुडवणाऱ्याला उघडं पाडतोय. प्रत्यक्षात तो स्वतःविरुद्ध लेखी पुरावा तयार करत असतो. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करू द्यायचं नाही, ही गोष्ट वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा, १९७६ च्या कक्षेत जाते. मजूर अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, मुकादम तसा नसेल, आणि मेसेजमध्ये जातीवरून अपमान असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ लागतं. त्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. असा गुन्हा नावावर असलेल्या मुकादमाशी पुढच्या हंगामाचा करार करताना कारखाना दहा वेळा विचार करतो. उचल वसूल करायची असेल तर लेखी करार, साक्षीदार, वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच मार्ग आहे. तो संथ आहे, पण त्यात आपणच आरोपी होत नाही.

वकील आणि डॉक्टर यांच्या डोक्यावर आणखी एक छत्र असतं, त्यांच्या परिषदेचं. डॉक्टरांनी रुग्णाचा फोटो किंवा आजाराची माहिती संमतीविना जाहीर करणं हे २००२ च्या व्यावसायिक वर्तन नियमांनुसार गैरवर्तन आहे. बिल न भरता गेलेल्या रुग्णाचं नाव आणि निदान ग्रुपवर टाकणारा डॉक्टर बिलापेक्षा मोठी गोष्ट पणाला लावतो. वकिलाबाबत बार कौन्सिल अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली चौकशी करते.

कायदा इथं कुठं येतो

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ हे बदनामीचं कलम आहे, जुन्या भारतीय दंड विधानातलं (भादंवि) ४९९-५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस परस्पर एफआयआर करत नाहीत. एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि तक्रारदाराला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) दंडाधिकाऱ्यांनी दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकण्याची सोय आहे. ही संधी वाया घालवू नये.

सत्य हा फौजदारी खटल्यात एकटा बचाव नाही. बोलणं खरं असावं *आणि* ते जाहीर करणं लोकहिताचं असावं, अशी दुहेरी अट आहे. रेशन दुकानदार माप मारतो हे लोकहिताचं असू शकतं, त्याच दुकानदाराची बायको माहेरी का गेली हे नाही. एकाच पोस्टमध्ये दोन्ही लिहिलं की पहिल्याचं बळही जातं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि तिथे सत्य हा पूर्ण बचाव असतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे.

'मी फक्त फॉरवर्ड केलं' हेही चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात सांगितलं की बदनामीकारक मजकूर रीट्वीट करणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ते रीट्वीट चूक असल्याचं मान्य केलं. ग्रुप अॅडमिनना मात्र थोडा दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, सामाईक हेतू दाखवावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून झालेली अटक त्या खटल्याचं निमित्त होती. कुणी आजही ६६-अ ची भीती घातली तर घाबरू नका.

पण इतर कलमं शिल्लक आहेत, आणि ती दखलपात्र आहेत. स्त्रीच्या विनयाचा अवमान करणारे शब्द असतील तर न्याय संहितेचं कलम ७९ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. अश्लील किंवा तसा बनवलेला फोटो असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. दुसऱ्याच्या नावानं बनावट खातं काढलं असेल तर ६६-सी आणि ६६-डी. इथं पोलीस थेट गुन्हा नोंदवतात.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पोलीस, सैन्य, महसूल, बँक कुठेही निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते आणि साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) भरावा लागतो. त्यात गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, असा रकाना असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात या विषयाची चौकट घालून दिली. किरकोळ प्रकरण असेल, तरुण वयातली चूक असेल, तर नेमणूक करणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. माहिती लपवली किंवा खोटी दिली तर मात्र निवड रद्द करण्याचा त्याला आधार मिळतो. गुन्ह्यापेक्षा लपवणं महाग पडल्याची प्रकरणं कमी नाहीत. आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडतो आणि न्यायालयाची परवानगी घेऊन यावी लागते. दोन ओळींच्या स्टेटसपायी व्हिसाची मुदत निघून जाते.

तक्रार करायचीच आहे, मग कुठं?

अन्याय झाला असेल तर गप्प बसा, असं इथं कुणालाही सांगायचं नाही. मराठवाड्यात अनेक कामं बोंब मारल्याशिवाय हलत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. पण बोंब आधी आणि अर्ज नंतर असा क्रम लावला की अर्जाचं बळ जातं. काही ठिकाणी तर तक्रारच मरते.

लाच मागितली असेल तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला आधी कळवा. त्यांचं सगळं काम मागणीची पडताळणी आणि सापळा यावर उभं असतं. तुम्ही व्हिडिओ टाकला की समोरचा सावध होतो, सापळा लागत नाही, आणि उरतो तो फक्त तुमच्यावरचा बदनामीचा दावा.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. २०१३ च्या या कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख जाहीर करायला मनाई करतं. समितीत प्रकरण चालू असताना आरोपीचं नाव टाकून केलेली पोस्ट या कलमात अडकते, आणि त्याचा फायदा आरोपीचा वकील घेतो. हे बायकांना वेळेत सांगितलं जात नाही, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते, म्हणून इथं ठळकपणे लिहितो.

सरकारी सेवा मुदतीत मिळाली नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. सेवा अधिसूचित असेल तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यासोबत 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' असा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. बँकेविरुद्ध आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बियाणं उगवलं नाही तर दुकानदाराचा फोटो टाकण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. पावती, पिशवी, लेबल आणि थोडं शिल्लक बियाणं राखून ठेवा. दुबार पेरणी करून टाकली की उगवण तपासायला शेतात काही उरत नाही, आणि मग 'बोगस बियाणं विकतो' हा तुमचा शब्द एकटा पडतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

एवढं करूनही जाहीर लिहायचं ठरवलं तर मजकूर असा ठेवा: काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात, अर्जाचा आवक क्रमांक काय, उत्तर आलं का. शक्य तिथे नावाऐवजी पदनाम. 'चोर', 'लाचखोर', 'नालायक' ही विशेषणं काढून टाका, कारण तारीख आणि क्रमांक सिद्ध करता येतात, 'चोर' सिद्ध करायला खटला लागतो. घर, बायका-मुलं, जात, फोन नंबर, गाडीचा नंबर यांतलं काहीही नको. समोरच्याला आधी विचारलं होतं का आणि तो काय म्हणाला, तेही लिहा. अशा पोस्टवर कुणी दावा ठोकला तर लोकहिताचा बचाव मांडायला जागा असते. सरकारी नोकरांनी मात्र आपल्या खात्याविषयी हेही करू नये. त्यांच्यासाठी वरिष्ठांकडे लेखी तक्रार आणि संघटना हे मार्ग आहेत.

पोस्ट गेली आहे, आता?

आधी स्वतःच्या पोस्टची पूर्ण नोंद ठेवा: मजकूर, प्रतिक्रिया, तारीख, वेळ, लिंक. मग पोस्ट काढा. नोंद न ठेवता काढली तर पुढे 'तू याहून वाईट लिहिलं होतंस' म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही. 'अकाउंट हॅक झालं होतं' असं खोटं कधीही लिहू नका. चौकशीत ते उघडं पडलं की गैरवर्तन एकाचं दोन होतं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा गंभीर मानलं जातं.

साहेबांना बातमी दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं. भाऊ, मेहुणा, मित्र यांना ग्रुपवर आपली बाजू लढवू देऊ नये, कारण त्यांचे शब्दही चौकशीच्या फाइलला लागतात. नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. ती पुरत नसेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा, ज्या पुराव्यावर आरोप आहे त्याच्या प्रती मागा, आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. खुलाशात दुसऱ्याच्या चुका मोजत बसू नका. चौकशी तुमच्या वागण्याची आहे. माफी मागायची असेल तर 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' असली गोल भाषा नको. काय लिहिलं, त्यात काय चूक होतं, आणि ते काढलं आहे, एवढं तीन वाक्यांत लिहा. फौजदारी बाजू असेल तर माफीनाम्याचा मसुदा आधी वकिलाला दाखवा, कारण तो कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो.

ज्याची बदनामी झाली त्यानंही आधी पुरावा धरावा. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि आधी-नंतरचे मेसेज हवेत, आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन न बदलता ठेवायला हवा. या विषयावरचा देशभर वापरला जाणारा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर विहित प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आता हे प्रमाणपत्र नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून निघणारा असा आकडा, जो फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलतो. म्हणून व्हिडिओ कापू नका, त्यावर गोल काढू नका. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा. मजकूर हटवण्यासाठी त्या अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. आणि नोकरीच्या ठिकाणी, क्लिप फिरतेय हे कळताच, पूर्ण प्रसंग काय होता हे आपणहून लेखी द्या.

संस्थाचालकांना आणि अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. तीस सेकंदांच्या क्लिपवर त्याच संध्याकाळी निलंबन काढून लोकांचा राग शांत करणं सोपं असतं. पूर्ण रेकॉर्डिंग मागवा, दोन्ही बाजूंचे जबाब घ्या, गरज पडली तर तात्पुरतं दुसऱ्या टेबलावर बसवा. घाईतला आदेश न्यायाधिकरणात किंवा औरंगाबाद खंडपीठात टिकला नाही तर थकीत पगाराचा बोजा संस्थेवर येऊ शकतो, आणि त्या माणसाची मधली वर्षं कुणीच भरून देत नाही. दिल्लीत २०१५ मध्ये एका दुचाकीस्वाराचा फोटो फेसबुकवर टाकून छेडछाडीचा आरोप झाला होता. काही वाहिन्यांनी त्याला त्याच रात्री गुन्हेगार ठरवलं. न्यायालयानं निर्दोष सोडलं ते २०१९ मध्ये.

बदनामीचा गुन्हा तडजोडीनं मिटवता येतो. ज्याची बदनामी झाली तो तयार असेल तर न्यायालयासमोर किंवा लोकअदालतीत प्रकरण संपतं. मराठवाड्यात गावची चार जाणती माणसं मध्ये पडून अशी कितीतरी भांडणं मिटवतात. पण बैठकीतल्या तोंडी समझोत्यावर थांबू नका. तक्रार मागे घेतल्याचा न्यायालयाचा आदेश झाला पाहिजे. त्याची प्रमाणित प्रत काढा, एक प्रत कार्यालयाच्या आस्थापना शाखेत पोच घेऊन द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. पुढच्या प्रत्येक साक्षांकन नमुन्यात तो रकाना भरताना खटला क्रमांक, न्यायालय आणि निकालाची तारीख या प्रतीवरूनच लिहायची आहे.